वंध्यत्व उपचारांतील अपयश व भावनिक समायोजन

अपत्यप्राप्तीसाठी घेतलेले वैद्यकीय उपचार निष्फळ ठरल्यानंतर दांपत्याला होणारे दुःख, त्या दुःखाचे कौटुंबिक व सामाजिक पैलू आणि त्यातून सावरण्याची प्रक्रिया यांना एकत्रितपणे वंध्यत्व उपचारांतील अपयशानंतरचे भावनिक समायोजन असे म्हणतात. हा विषय प्रजनन वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या चारही शाखांशी संबंधित आहे. प्रस्तुत लेखात या विषयाची सर्वसाधारण माहिती आणि महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भातील परिस्थिती दिली आहे.

व्याख्या व व्याप्ती

बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित व असंरक्षित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे, अशी वंध्यत्वाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. वंध्यत्व हा स्त्री किंवा पुरुष यांच्या प्रजननसंस्थेचा आजार आहे, असे ही संघटना मानते. तिने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारणपणे दर सहा व्यक्तींमागे एकीला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. कारण केवळ स्त्रीमध्ये, केवळ पुरुषामध्ये किंवा दोघांमध्येही असू शकते. काही दांपत्यांत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

शब्दविचार

संस्कृत ‘वन्ध्या’ या शब्दापासून प्राकृतातील ‘वंझा’ व त्यापासून मराठीतील ‘वांझ’ हा शब्द आला. तो झाड, जमीन आणि गाय यांनाही लावला जातो. ज्यातून काही निष्पन्न होत नाही अशा चर्चेला ‘वांझोटी चर्चा’ म्हणतात. वेदान्तातील ‘वंध्यापुत्र’ हा दृष्टान्त अशक्य गोष्टीसाठी वापरला जातो. मूल होण्याला मराठीत ‘कूस उजवणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘वांझ’ या शब्दाला पुरुषासाठी तेवढाच रूढ व बोचरा प्रतिशब्द नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो, मात्र तो मुलगी असलेल्यांनाही अपत्यहीनांच्या पंक्तीत बसवतो. भाषेतील या ठेवणीमुळे दोष स्त्रीकडे जाण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. वैद्यकीय लेखनात आता ‘वंध्यत्व’ किंवा ‘जननक्षमतेची समस्या’ असे शब्द वापरले जातात.

उपचारांची पार्श्वभूमी

शरीरबाह्य फलनातून जन्मलेले जगातील पहिले बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी हे तंत्र विकसित केले होते. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, म्हणजे ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ या बालिकेचा जन्म झाला. परंतु त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कार्याला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. महाराष्ट्रात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या बालिकेचा जन्म झाला. भारतातील शास्त्रीय नोंदी असलेले हे पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ मानले जाते.

आज प्रचलित असलेल्या उपचारांत बीजांडनिर्मितीसाठी गोळ्या व इंजेक्शने, शुक्राणू गर्भाशयात सोडण्याची आययूआय पद्धत आणि शरीरबाह्य फलन म्हणजे आयव्हीएफ यांचा समावेश होतो. आयव्हीएफच्या एका आवर्तनात सुमारे दहा ते बारा दिवस इंजेक्शने, वरचेवर सोनोग्राफी, भूल देऊन बीजांडे काढणे, प्रयोगशाळेत फलन, तीन ते पाच दिवस भ्रूणाची वाढ आणि त्यानंतर भ्रूणरोपण असे टप्पे असतात. रोपणानंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणीतून निकाल कळतो.

अपयशाचे स्वरूप व कारणे

उपचार कोणत्याही टप्प्यावर थांबू शकतो. बीजांडे पुरेशी वाढत नाहीत, फलन होत नाही, भ्रूण वाढत नाही, रोपणानंतर तो गर्भाशयात रुजत नाही किंवा रुजल्यानंतर गर्भपात होतो. भ्रूणातील गुणसूत्रांची विकृती हे अपयशाचे एक प्रमुख कारण असून स्त्रीच्या वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते. ब्रिटनमधील नियामक संस्थेच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार, स्वतःची बीजांडे वापरणाऱ्या ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये रोपण केलेल्या दर भ्रूणामागे जिवंत जन्माचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते, तर ४३ वर्षांवरील स्त्रियांमध्ये ते ५ टक्क्यांहून कमी होते. तरुण वयातही एखादे रोपण यशस्वी होण्यापेक्षा अयशस्वी होण्याची शक्यता अधिक असते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. अपयश हा उपचारातील अपवाद नसून त्याचा नेहमीचा भाग आहे, ही बाब आरंभीच समजावून सांगितली गेल्यास पुढील धक्क्याची तीव्रता काहीशी कमी होते.

स्वतःला दोष देण्याची प्रवृत्ती

नकारात्मक निकालानंतर अनेक स्त्रिया मागील पंधरा दिवसांतील आपले वागणे आठवून चूक शोधू लागतात. आपण पाण्याची घागर उचलली, एस.टी.च्या खडबडीत प्रवासात हिसके बसले, जिना चढलो किंवा ‘उष्ण’ पदार्थ खाल्ला, म्हणून गर्भ राहिला नाही अशी समजूत करून घेतली जाते. रोपणानंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने यशाचे प्रमाण वाढत नाही, असे वैद्यकीय चाचण्यांत दिसून आले आहे. नेहमीच्या हालचालींमुळे भ्रूण ‘पडत’ नाही.

‘टेन्शन घेऊ नये, म्हणजे दिवस राहतील’ हा सल्लाही याच प्रकारात मोडतो. जॅकी बोइव्हिन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. उपचारापूर्वीच्या भावनिक ताणाचा त्या आवर्तनाच्या यशापयशाशी संबंध त्यात आढळला नाही. ताण कमी करणे हे स्त्रीच्या स्वास्थ्यासाठी हितकारक आहे. परंतु अपयशाची जबाबदारी तिच्या काळजीवर टाकण्यास शास्त्रीय आधार नाही.

भावनिक परिणाम

दुःखाचे स्वरूप

मृत्यूनंतरच्या शोकाला समाजाने विधी दिले आहेत. लोक भेटायला येतात, सुतक पाळले जाते, दहावा-तेरावा होतो. उपचार फसल्यानंतर मात्र नाव नाही, चेहरा नाही आणि निरोपाचा विधीही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा अस्पष्ट हानीची संकल्पना मांडली, तर केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाज मान्यताच देत नाही अशा शोकाचे विवेचन केले. वंध्यत्वाचे दुःख या दोन्ही वर्णनांत बसते. शिवाय ते एकदाच येऊन संपत नाही. दर महिन्याच्या पाळीबरोबर, नात्यातील प्रत्येक बारशाबरोबर आणि बरोबरीच्या मैत्रिणींची मुले शाळेत जाऊ लागली की ते पुन्हा जागे होते.

अ‍ॅलिस डोमर व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात वंध्यत्वाचा अनुभव घेणाऱ्या स्त्रियांतील चिंता व नैराश्य यांची पातळी कर्करोग व हृदयरोग असलेल्या रुग्णांच्या तुलनेत फारशी वेगळी नसल्याचे दिसून आले. निकालानंतरचे रडू, राग, झोप न लागणे, लक्ष न लागणे, गर्भवती स्त्रीला टाळावेसे वाटणे आणि त्याबद्दल पुन्हा स्वतःचीच लाज वाटणे या प्रतिक्रिया सर्वसाधारणपणे आढळतात. एखाद्या गर्भवती जावेचा हेवा वाटणे हे मनाच्या कोतेपणाचे लक्षण मानले जात नाही. ते शोकाचेच एक रूप असते.

पुरुषांचे दुःख

पुरुषाने पत्नीला धीर द्यावा अशी अपेक्षा असल्याने त्याचे स्वतःचे दुःख बहुधा अव्यक्त राहते. दोष पुरुषात असल्यास तो पुरुषत्वाशी जोडला जातो. वास्तविक शुक्राणूंची संख्या आणि लैंगिक क्षमता या दोन वेगळ्या बाबी आहेत. काही घरांत पतीचा अहवाल लपवून पत्नीच दोष स्वतःवर घेते. अशा मौनामुळे दोघांचेही एकटेपण वाढते.

दांपत्यसंबंध

पती-पत्नीची दुःख व्यक्त करण्याची पद्धत व गती वेगळी असते. एकाला सतत बोलावेसे वाटते, तर दुसऱ्याला कामात बुडून जावेसे वाटते. हा फरक प्रेमाच्या अभावामुळे पडतो असा गैरसमज होऊन तंटे होतात. याउलट, संकटाला एकत्र सामोरे गेल्याने नाते दृढ झाल्याचे अनुभव काही दांपत्यांनी नोंदवल्याचे डेन्मार्कमधील अभ्यासांत आढळते.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५.८६ लाख आहे. त्यांपैकी जवळजवळ चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान असल्याने या जिल्ह्यास ‘मातृतीर्थ’ म्हटले जाते आणि दर वर्षी १२ जानेवारीस तेथे मोठा जन्मोत्सव होतो. मातृत्वाचा असा गौरव ज्या भूमीत होतो, तेथे मूल नसलेल्या स्त्रीच्या वाट्याला येणारी उणिवेची जाणीवही तीव्र असते. संक्रांतीचे हळदीकुंकू, डोहाळजेवण, ओटी भरणे आणि बारसे हे स्त्रियांच्या सामाजिक जीवनाचे आनंदाचे प्रसंग होत. याच प्रसंगांत तिला मागे उभे केले जाणे किंवा ‘अजून काही नाही का?’ असे विचारले जाणे अनेकींना उपचारांपेक्षाही कठीण वाटते.

उपचारांसाठी जिल्ह्यातील अनेक दांपत्ये अकोला, छत्रपती संभाजीनगर, जळगाव किंवा नागपूर येथे जातात. बुलढाणा शहरास रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही जिल्ह्यातील मुख्य लोहमार्गावरील स्थानके आहेत. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १५० किलोमीटर आहे. दर दोन-तीन दिवसांनी तपासणीस जावे लागत असल्याने मजुरी बुडते, घरी कारण सांगावे लागते आणि उपचार गुप्त ठेवणे कठीण होते. सोयाबीन व कपाशीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांत खर्चाची जुळवणी हंगामावर ठरते. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार समाविष्ट नाहीत. त्यामुळे दागिने मोडून किंवा कर्ज काढून केलेला उपचार फसल्यास आशेबरोबर पैसाही गेल्याची टोचणी राहते आणि ‘एवढे घालवून काय मिळाले?’ हा प्रश्न घरातूनच विचारला जातो.

जिल्ह्यात बुलढाणा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय व स्त्री रुग्णालय आहे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत राबवण्यात आलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बुलढाण्याचा समावेश होता. या प्रकल्पामुळे आशा कार्यकर्तींमार्फत नैराश्याची लक्षणे ओळखण्याची कल्पना गावपातळीवर परिचित झाली. वंध्यत्वाच्या दुःखासाठीही हीच वाट उपयोगी पडू शकते.

श्रद्धा, नवस व फसवणूक

उपचारांबरोबर नवस बोलणे, देवदर्शन किंवा दर्ग्यावर जाणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. शेगावचे गजानन महाराज संस्थान आणि पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा ही जिल्ह्यातील मोठी श्रद्धास्थाने होत. प्रार्थनेतून व भक्तांच्या संगतीतून अनेकांना धीर मिळतो. परंतु हतबल अवस्थेत भोंदू व्यक्तींकडून फसवणूक होण्याचा धोकाही असतो. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा आहे.

महाराष्ट्रातील ऐतिहासिक उदाहरण

जोतीराव फुले (१८२७–१८९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) यांना अपत्य झाले नाही. जोतीरावांनी दुसरा विवाह करावा असा आग्रह नातलगांनी धरला होता. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते. मग पत्नीने दुसरा नवरा केल्यास चालेल काय, अशा आशयाचा युक्तिवाद करून त्यांनी तो नाकारल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि काशीबाई या विधवेच्या यशवंत या मुलास दत्तक घेतले. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई व यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली; त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. त्या काळी आजच्यासारखे उपचार नव्हते. तरीही दोष एकट्या स्त्रीवर न टाकणे, सामाजिक दडपण नाकारणे आणि वात्सल्याला दुसरी वाट देणे या तिन्ही गोष्टी या उदाहरणात दिसतात.

समायोजनाची प्रक्रिया

उपचार कायमचे थांबवल्यानंतर बहुसंख्य स्त्री-पुरुष कालांतराने सावरतात, असे संशोधनात आढळते. नेदरलँड्समधील ७,१४८ स्त्रियांच्या २०१४ च्या अभ्यासात, उपचारांनंतर ११ ते १७ वर्षांनीही अपत्याची तीव्र इच्छा कायम असलेल्या स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य ती इच्छा मावळलेल्या स्त्रियांच्या तुलनेत खालावलेले दिसले. मूल नसण्यापेक्षा ती अपुरी इच्छा धरून राहणे अधिक क्लेशदायक ठरते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. सोफिया गमेरो व सहकाऱ्यांनी या सावरण्यात तीन कार्ये सांगितली आहेत:

* घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे: काय झाले, का झाले आणि आपण काय केले याची सुसंगत मांडणी स्वतःपुरती करणे.
* स्वीकार: जैविक मूल होणार नाही हे वास्तव मान्य करणे. याचा अर्थ दुःख संपले असा होत नाही.
* नवी उद्दिष्टे: जीवनाला अर्थ देणाऱ्या अन्य गोष्टींकडे हळूहळू वळणे.

व्यवहारात पुढील उपाय उपयुक्त मानले जातात:

* निकालाच्या दिवशी एकटे न राहणे आणि तो कोण ऐकणार व घरी कोण सांगणार हे आधीच ठरवणे.
* किती आवर्तने करायची आणि किती खर्च करायचा याची मर्यादा उपचार सुरू होण्यापूर्वीच निश्चित करणे. निराशेच्या क्षणी घेतलेला निर्णय बहुधा ‘आणखी एकदा’ असाच असतो.
* अपयशानंतर डॉक्टरांची स्वतंत्र भेट घेऊन कारणे व पुढील शक्यता समजून घेणे.
* काही काळ बारसे, डोहाळजेवण अशा समारंभांना न जाण्याची मोकळीक स्वतःला देणे.
* उपचारांविषयी बोलण्याची वेळ मर्यादित ठेवून उरलेला वेळ पती-पत्नी म्हणून घालवणे.
* वाढलेल्या वा न वाढलेल्या गर्भाच्या स्मरणार्थ झाड लावणे, पत्र लिहिणे यांसारखा खाजगी विधी करणे.

उपचार थांबवणे म्हणजे हार मानणे, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक पुढील आवर्तनाची यशाची शक्यता, वय, शरीराची सोसण्याची मर्यादा व आर्थिक स्थिती पाहून थांबणे हाही उपचारांतील एक विचारपूर्वक निर्णय होय.

कुटुंब व समाजाची भूमिका

सासू, आई, नणंद व जाऊ यांच्या बोलण्यातून दुःख वाढू शकते किंवा हलकेही होऊ शकते. ‘अमक्याला दहा वर्षांनी झाले’, ‘दत्तक घ्या, मग आपले होईल’ अशी वाक्ये सद्हेतूने उच्चारली जातात. परंतु त्यांतून आत्ताचे दुःख नाकारले जाते. दत्तक घेतल्यावर गर्भ राहतो ही समजूत निराधार आहे. काही न सुचल्यास शेजारी बसणे, घरकामाचा भार उचलणे आणि विषय काढायचा की नाही हे त्या व्यक्तीवर सोपवणे पुरेसे असते. हळदीकुंकवासारख्या प्रसंगी मूल असण्या-नसण्यावरून मानपान न ठरवणे ही सामाजिक पातळीवरील मदत होय.

समुपदेशन व वैद्यकीय साहाय्य

युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०१५ मध्ये वंध्यत्व उपचारांतील मानसिक व सामाजिक काळजीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उपचारांपूर्वी, उपचारांदरम्यान व उपचारांनंतर अशा तिन्ही टप्प्यांवर रुग्णांच्या भावनिक गरजा पाहाव्यात, असे त्यांत सांगितले आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणे, कशातच रस न राहणे, झोप किंवा भूक हरपणे, दारूचे प्रमाण वाढणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही मदत घेण्याची लक्षणे आहेत. आत्महत्येचे विचार आल्यास विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा नजीकच्या शासकीय रुग्णालयात जावे लागते. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

कायदेशीर तरतुदी

* सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१: हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. उपचार केंद्रांची नोंदणी बंधनकारक आहे. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे अशी मर्यादा आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व धोके यांविषयी समुपदेशन करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे.
* कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५: मूल नसल्यावरून किंवा मुलगा नसल्यावरून स्त्रीचा अपमान अथवा उपहास करणे हे शाब्दिक व भावनिक छळात मोडते.
* हिंदू विवाह कायदा, १९५५: मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण मानलेले नाही. पहिला विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह अवैध ठरतो.

पुढील मार्ग

काही दांपत्ये दात्याची बीजांडे किंवा शुक्राणू यांचा पर्याय स्वीकारतात, काही दत्तक घेतात, तर काही मुलाविना जगण्याचा निर्णय घेतात. यांपैकी कोणताही मार्ग दुसऱ्याहून श्रेष्ठ किंवा कनिष्ठ मानला जात नाही.

दत्तक प्रक्रियेचे नियमन ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा करते आणि इच्छुकांना ऑनलाइन नोंदणी करावी लागते. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असणे आवश्यक असते. दोन वर्षांखालील बालकासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही. मोठ्या वयाच्या बालकांसाठी ही मर्यादा वाढते. २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. लहान बालकासाठी काही वर्षे प्रतीक्षा करावी लागू शकते. दत्तक मूल हे न झालेल्या मुलाची जागा भरण्यासाठी आणले जाऊ नये, यासाठी आधीचे दुःख निवळू देऊन मगच नोंदणी करावी, असे समुपदेशक सुचवतात.

मुलाविना जगणाऱ्या दांपत्यांना म्हातारपणीची काळजी, मालमत्तेची व्यवस्था व अंत्यविधी यांविषयी प्रश्न पडतात. मृत्युपत्र करणे, भाचे-पुतणे व स्नेही यांच्याशी जिव्हाळा जोपासणे आणि गावातील शाळा, वाचनालय किंवा अन्य कार्यात सहभाग घेणे यांतून या प्रश्नांची उत्तरे शोधली जातात.

हे सुद्धा पहा

* वंध्यत्व
* शरीरबाह्य फलन
* दत्तक
* सावित्रीबाई फुले
* नैराश्य
* बुलढाणा जिल्हा